मुक्त लेखन : मान पदरात, धन उधारीवर

महिनाअखेरीचा हिशेब जुळेनासा झाला, की शहरी मध्यमवर्ग जोडउत्पन्नाच्या वाटा शोधू लागतो. खासगी शिकवणी, विम्याची एजन्सी, घरगुती खाद्यपदार्थांची विक्री या जुन्या वाटा आहेतच. गेल्या दोन दशकांत त्यांत मुक्त लेखनाची भर पडली आहे. या व्यवसायाला गाळा लागत नाही, कर्ज लागत नाही, हातची नोकरी सोडावी लागत नाही. एक संगणक, इंटरनेटची जोडणी आणि भाषेवरील पकड एवढ्या भांडवलावर तो सुरू करता येतो, असा सर्वसाधारण समज आहे. निवृत्त प्राध्यापक, घर सांभाळणाऱ्या सुशिक्षित महिला, वृत्तपत्रातील नोकरी गेलेले पत्रकार, कार्यालयातून आल्यावर रात्री संहिता लिहिणारे बँक कर्मचारी असे नाना प्रकारचे लोक या क्षेत्राकडे वळत आहेत.

लेखन विकत घेणारेही वाढले आहेत. दैनिकांच्या पुरवण्या आणि दिवाळी अंक यांच्यापलीकडे आज दूरचित्रवाणी मालिका, ओटीटी, श्राव्य पुस्तके, जाहिरात संस्था, कंपन्यांची संकेतस्थळे, शैक्षणिक मजकूर, उपशीर्षके आणि अनुवाद असा मोठा पसारा उभा राहिला आहे. तरीही काम स्वीकारताना तीन साधे प्रश्न विचारले जात नाहीत, किंवा विचारले तर समोरच्याला ते खटकतात. पैसे किती मिळणार, कधी मिळणार आणि लिहिलेल्या मजकुरावर नंतर हक्क कोणाचा राहणार? जोडउत्पन्नाचे सारे गणित या तीन प्रश्नांवर अवलंबून आहे.

मानधन आणि मोबदला

मराठीत लेखकाला जे पैसे दिले जातात, त्याला 'मानधन' म्हणतात. सुताराला मजुरी मिळते, डॉक्टर फी घेतो, वकील शुल्क आकारतो. लेखकाला मात्र मानधन दिले जाते. या शब्दात आदर आहे, पण देणाऱ्याची सोयही आहे. मजुरी ठरवून घ्यायची असते आणि ती थकली तर मागायची असते. मानधन ही देणाऱ्याने आपल्या मर्जीने करावयाची गोष्ट मानली जाते. त्याची घासाघीस करणे अशिष्ट ठरते आणि ते न आल्यास आठवण करून देणे त्याहूनही अशिष्ट.

या संकेताला इतिहास आहे. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि मराठीत एका अनोख्या परंपरेची सुरुवात झाली. पुढे शेकडो अंक निघू लागले आणि लेखकांना हक्काचे व्यासपीठ मिळाले. मात्र त्या व्यासपीठावर लिहिणाऱ्या बहुतेकांचा चरितार्थ अन्यत्र चालत असे. ना. सी. फडके आणि गंगाधर गाडगीळ प्राध्यापक होते, वि. स. खांडेकर शिक्षक होते, मर्ढेकर आणि व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते. शेकडो रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्णाळकरांसारखे लोकप्रिय लेखक हे या चित्रातील अपवाद होत. लेखन हा जोडव्यवसाय असणे ही मराठीतील नवी घटना नव्हेच. तीच येथील मुख्य रीत होती.

मात्र एक फरक पडला आहे. त्या पिढीचे घर पगारावर चालत होते आणि लेखनाचे पैसे उशिरा आले किंवा आलेच नाहीत, तरी चूल थांबत नव्हती. आज मुक्त लेखनाकडे वळणाऱ्या अनेकांच्या हिशेबात ती रक्कम घराच्या हप्त्यात किंवा मुलांच्या शुल्कात आधीच धरलेली असते. व्यवहाराची गरज बदलली, पण व्यवहाराची भाषा मानधनाचीच राहिली. या क्षेत्रातील बहुतेक तक्रारींचे मूळ या विसंगतीत आहे.

एका लेखाचे अर्थशास्त्र

मुक्त लेखनाचे उत्पन्न मोजताना शब्दांचा किंवा लेखाचा दर पाहिला जातो, लागलेला वेळ पाहिला जात नाही. समजा, पंधराशे शब्दांच्या लेखाचे २ हजार रुपये ठरले. विषयाचे वाचन, दोन-तीन जाणकारांशी बोलणे, पहिला खर्डा, संपादकाने सुचविलेले बदल आणि अंतिम वाचन यांत १२ तास गेले, तर तासाला १६६ रुपये पडले. पैशांसाठी केलेले दूरध्वनी आणि पाठविलेली स्मरणपत्रे यांत आणखी तीन तास गेले, तर हा दर १३३ रुपयांवर येतो. प्रवास, वीज, इंटरनेट आणि पुस्तकांचा खर्च वजा केल्यास तो आणखी खाली जातो.

हाच हिशेब दुसऱ्या प्रकारेही मांडता येतो. एखाद्या परिचारिकेने रुग्णांसाठी माहितीपुस्तिका लिहिली, सनदी लेखापालाने करविषयक सदर चालविले किंवा कृषी पदवीधराने फवारणीच्या वेळापत्रकावर मजकूर तयार केला, तर वाचनाचे निम्मे तास वाचतात, कारण ते ज्ञान आधीच कमावलेले असते. शिवाय अशा मजकुराची जबाबदारी घेऊ शकणारे लोक थोडे असल्याने दर ठरविताना लेखकाचे पारडे जड राहते. केवळ 'चांगले मराठी येते' या भांडवलावर बाजारात उतरणाऱ्याला ही सोय नसते. भाषेला किंमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण बाजारात भाषेचे पैसे मिळतात ते बहुधा तिच्यासोबत येणाऱ्या विषयज्ञानामुळे.

दूरचित्रवाणी मालिकांचे लेखन हा मराठीतील तुलनेने अधिक पैसे देणारा प्रकार. तेथे मोबदला भागानुसार ठरतो. मात्र प्रक्षेपणानंतर सुमारे तीन महिन्यांनी पैसे देण्याची पद्धत मनोरंजन उद्योगात रूढ आहे. म्हणजे काम सुरू केल्यानंतरचा पहिला धनादेश हाती पडेपर्यंत लेखकाने स्वतःच्या खर्चाने निर्मात्याला उधारी दिलेली असते. मालिका मध्येच बंद पडली, तर या उधारीची वसुली हे वेगळेच प्रकरण होऊन बसते.

संगणकाच्या पडद्यावरची मंडई

परदेशी ग्राहकांसाठी इंग्रजीत लिहिणाऱ्यांना आंतरराष्ट्रीय संकेतस्थळांनी मोठी बाजारपेठ खुली करून दिली. ईलान्स आणि ओडेस्क या दोन कंपन्यांचे २०१३ च्या अखेरीस विलीनीकरण ठरले आणि २०१५ मध्ये त्यातून 'अपवर्क' हे नाव पुढे आले. 'फायव्हर' २०१० मध्ये सुरू झाले. पुणे, नाशिक, नागपूरसारख्या शहरांतील तरुणांना अमेरिकेतील ग्राहक घरबसल्या मिळू लागला आणि पैसे डॉलरमध्ये येऊ लागले.

या मंडईतही अडत आहे. 'फायव्हर' लेखकाच्या प्रत्येक कमाईतून २० टक्के कापून घेते. १०० डॉलरच्या कामाचे ८० हाती येतात, त्यातून चलन बदलण्याचा आणि रक्कम वळती करण्याचा खर्च जातो. काम मिळेल की नाही हे ग्राहकांनी दिलेल्या गुणांवर ठरत असल्याने अन्यायकारक मागणीलाही सहसा नकार दिला जात नाही. नवख्या लेखकाने गुण मिळविण्यासाठी दर पाडायचे आणि नंतर त्या पाडलेल्या दरातच अडकून राहायचे, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' खुले झाल्यानंतर या बाजाराचा तळच हलला. संकेतस्थळांसाठी ठोकळेबाज मजकूर, उत्पादनांची वर्णने, एकाच माहितीचे वेगवेगळ्या शब्दांतील लेख ही कामे यंत्र फुकटात किंवा नाममात्र खर्चात करू लागले. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठ (सेंट लुईस) आणि न्यूयॉर्क विद्यापीठ येथील अभ्यासकांनी 'अपवर्क'वरील व्यवहार तपासले. लेखनाशी निगडित मुक्त व्यावसायिकांना मिळणारी मासिक कामे सुमारे २ टक्क्यांनी आणि त्यांचे उत्पन्न सुमारे ५ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. हे आकडे यंत्र येताच झालेल्या पहिल्या परिणामाचे आहेत. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की उत्तम काम करणाऱ्यांनाही या घसरणीपासून संरक्षण मिळाले नाही. 'दर्जेदार लिहा, काम मिळतच राहील' हा नेहमीचा उपदेश त्यामुळे पुरेसा ठरत नाही.

मराठीपुरता विचार केल्यास यंत्राचा धक्का अनुवादाच्या क्षेत्रात अधिक स्पष्ट दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने निकालांच्या अनुवादासाठी 'सुवास' ही यंत्रणा २०१९ मध्ये सुरू केली. केंद्र सरकारने २०२२ मध्ये भारतीय भाषांसाठी 'भाषिणी' आणली. यंत्राने केलेला अनुवाद माणसाने तपासायचा, अशी कामाची नवी विभागणी त्यातून रुजते आहे. ग्राहक या कामाला 'फक्त नजर फिरवणे' म्हणतो आणि दर कमी करतो. प्रत्यक्षात यंत्राच्या सफाईदार वाक्यात दडलेली चूक शोधण्यासाठी मूळ मजकूर ओळीओळीने वाचावाच लागतो. औषधाची मात्रा किंवा करारातील एखादा नकार चुकला, तर जबाब यंत्राला विचारला जात नाही. या जबाबदारीचे पैसे दरात धरले जात नाहीत, तोवर अनुवादकाचे श्रम तेवढेच राहतील आणि उत्पन्न मात्र घटेल.

गीतकारांनी दाखविलेली वाट

लेखकाचा मोबदला त्याच्या गुणवत्तेवरच ठरतो, असे मानणाऱ्यांनी चित्रपट गीतकारांचे उदाहरण पाहावे. कित्येक दशके गीतकाराला एकरकमी पैसे मिळत आणि गाणे पुढे कितीही वाजले, तरी त्याला काही मिळत नसे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या साहित्याच्या लेखकाला, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता होणाऱ्या अन्य वापरासाठी, स्वामित्वधनाचा समान वाटा मिळण्याचा हक्क त्या दुरुस्तीने दिला. वारसदार किंवा वसुली करणारी कॉपीराइट संस्था वगळता अन्य कोणालाही हा हक्क करारानेदेखील देऊन टाकता येत नाही, ही तिची विशेषता. राज्यसभेचे तत्कालीन सदस्य जावेद अख्तर यांनी त्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची २०१७ मध्ये कॉपीराइट संस्था म्हणून पुन्हा नोंदणी झाली आणि वसुलीची व्यवस्था रुळावर आली.

गाणी तीच होती, गीतकारही तेच होते. बदलला तो कायदा आणि तो राबविणारी संघटना. अमेरिकेतील चित्रपट-मालिका लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवसांचा संप करून यंत्राच्या वापराबाबतच्या अटी करारात घालून घेतल्या, त्याचे सारही हेच आहे. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन संहितांची नोंदणी आणि वादांचे निराकरण अशी कामे करते, त्यामुळे पटकथाकाराला निदान दाद मागण्यासाठी एक दार आहे. नियतकालिकांत, संकेतस्थळांवर किंवा अनुवादात काम करणाऱ्या मराठी लेखकाच्या मागे तेवढे बळ असलेली व्यावसायिक संघटना नाही.

कागदावरचे हक्क

कायद्याने मुक्त लेखकाला वाटते त्यापेक्षा बरेच काही दिले आहे. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क सामान्यतः मालकाकडे जातो. मात्र मुक्त लेखक हा नोकर नसल्याने मजकुराचा पहिला मालक तोच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे, तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणजे लेखाचे पैसे घेतल्याने त्याचे पुस्तक, श्राव्य आवृत्ती किंवा भाषांतर यांचे हक्क आपोआप जात नाहीत. ते जातात ते न वाचता सही केलेल्या 'सर्व हक्क कायमस्वरूपी' या एका ओळीमुळे.

थकबाकीसाठीही मार्ग आहे. सेवा पुरविणारा एकटा व्यावसायिकदेखील 'उद्यम' नोंदणी करून सूक्ष्म उद्योग ठरू शकतो. तसे झाल्यास सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार त्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसल्यास १५ दिवसांत. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. कर आकारणी वर्ष २०२४-२५ पासून अशी मुदतीबाहेर थकविलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत ग्राहक कंपनीला खर्च म्हणून दाखवता येत नाही. एका लेखाच्या दोन हजारांसाठी कोणी सुविधा परिषदेकडे धाव घेणार नाही, हे खरे. परंतु बिलावर नोंदणी क्रमांक आणि देय तारीख छापलेली असेल, तर लेखा विभाग ते बिल सहसा ढिगाच्या तळाशी ठेवत नाही.

न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून याहून थेट उपाय केला. ८०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेच्या मुक्त कामाला तेथे लेखी करार बंधनकारक आहे आणि तारीख ठरलेली नसल्यास काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याचा लाभ नोकरीतील पत्रकारापुरता होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग' कामगाराची व्याख्या केली आणि मजकूर व माध्यम सेवा देणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांचाही आपल्या अनुसूचीत समावेश केला. या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के वाटा सामाजिक सुरक्षेसाठी द्यावा, अशी तरतूद आहे. पण मध्यस्थ कंपनीशिवाय थेट प्रकाशकासाठी लिहिणाऱ्याच्या नावे वाटा कोण भरणार? मराठीतील बहुसंख्य मुक्त लेखक नेमके याच गटात मोडतात.

नोकरी आणि कर

जोडउत्पन्नासाठी लिहिणाऱ्याने स्वतःच्या नोकरीचे नियमही पाहिले पाहिजेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ प्रासंगिक स्वरूपाच्या साहित्यिक कामाला पूर्वपरवानगीची सक्ती करीत नाहीत. मात्र त्यामुळे कार्यालयीन कर्तव्याला बाधा येता कामा नये. खासगी क्षेत्रात नेमणूकपत्रातील अटी निर्णायक असतात. विप्रोने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना कमी केल्याचे जाहीर केले, तर इन्फोसिसने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पूर्वपरवानगीने बाहेरचे काम करण्याचा मार्ग खुला असल्याचे सांगितले. कथा लिहिणे आणि मालकाच्या स्पर्धकासाठी जाहिरातीचा मजकूर लिहिणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

कराच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ दिसतो. १ एप्रिल २०२५ पासून एका ग्राहकाकडून वर्षाला ५० हजार रुपयांपेक्षा अधिक व्यावसायिक शुल्क मिळाल्यास १० टक्के कर आधीच कापला जातो. कापलेला कर म्हणजे अंतिम कर नव्हे. विवरणपत्र भरले, तरच जास्त कापलेली रक्कम परत मिळते, आणि ती मागायची राहून जाणाऱ्यांत लेखकांचे प्रमाण कमी नसावे. नियमित लेखनाचे उत्पन्न व्यवसायाचे मानले जात असल्याने पगारदारांचा 'सहज' अर्ज येथे चालत नाही. त्याचबरोबर इंटरनेट, संदर्भपुस्तके, प्रवास असे खर्च वजा करण्याची मुभाही मिळते. निम्मे उत्पन्न खर्च म्हणून सरसकट वगळण्याची सवलत चित्रपटासाठी कथा, पटकथा, संवाद आणि गीते लिहिणाऱ्यांना आहे; लेख-सदरे लिहिणाऱ्यांचा मात्र त्या व्यवसायांच्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. पुस्तकांच्या स्वामित्वधनावरील ३ लाख रुपयांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि शालेय पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके व नियतकालिकांतील लेखन यांना ती लागू नाही. वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवांची उलाढाल २० लाखांवर गेल्यावरच करावी लागते, त्यामुळे बहुतेकांना तिची चिंता नको.

करार एका पानाचा

नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात देशातील गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख असल्याचे आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असे म्हटले होते. त्या अहवालाच्या चर्चेत रिक्षाचालक आणि घरपोच सेवा देणारे तरुण डोळ्यांसमोर आले, ते योग्यच होते. लेखकाला मात्र आपण त्याच रांगेत उभे आहोत, हे मान्य करणे जड जाते. मानधन या शब्दाने दिलेला वेगळेपणा त्याला सोडवत नाही, आणि नेमक्या त्याच वेगळेपणापायी घरपोच सेवा देणारा तरुण जो हिशेब मागतो, तो लेखक मागू शकत नाही.

यावर उपाय एकट्या लेखकाच्या हाती नाही, तसाच तो एकट्या सरकारच्या हातीही नाही. वृत्तपत्रे, प्रकाशक, दिवाळी अंकांचे संपादक आणि निर्मिती संस्था यांनी लेखाच्या मागणीबरोबर रक्कम, देय तारीख, दुरुस्तीची मर्यादा, हक्कांची व्याप्ती आणि काम रद्द झाल्यास द्यावयाची भरपाई एवढ्या पाच गोष्टी लेखी कळविल्या, तर त्यासाठी एक पान पुरेसे आहे. छोट्या अंकांना मोठी रक्कम परवडणार नाही, हे उघड आहे. पण छोटी रक्कमही आधी सांगता येते आणि वेळेवर देता येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे स्वागत सर्वांनी केले. त्या भाषेत लिहिणाऱ्याने लेख पाठविताना बिलही जोडले, तर ते उद्धटपणाचे मानले जाऊ नये, एवढा बदल तरी आता व्हायला हवा.